तोंड बांधलेलं गाव

तिया तिबांगला, गावाच्या तिबांगमावशीला, मरायचं होतं आणि मरता येत नव्हतं. भात पिवळं पडायला लागलं तेव्हा तिनं अंथरूण धरलं, आणि कापणी झाली, नवा तांदूळ कांडून झाला, गावच्या संताचा सण होऊन गेला, तरी ती आपली तशीच. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. पेज ओठांपर्यंत जायची आणि बाहेर यायची. पाद्रीबाबा येऊन कपाळाला मरणाआधीचं तेल लावून गेले, पुन्हा एकदा येऊन लावून गेले, आणि नंतर निरोप गेला तेव्हा त्यांनी होडीवाल्याबरोबर सांगून पाठवलं की आधीचंच तेल अजून वाळलं नसेल. माणूस खवचट होता, पण त्यांचं तरी काय चुकलं?

तिबांगचं हगणं-मुतणं सगळं सियोन काढायची. सियोन तिची पोटची नव्हे. सियोनची आई धाकटा भाऊ रुफो झाल्यावर गेली, बाळंतपणात नव्हे, पुढे तापानं, बाप बोटीवर गेला तो परतलाच नाही, आणि ही दोन पोरं तिबांगनं उचलून घरी आणली. रुफोचं लग्न झालं, त्याची बायको पुरिंग आता दिवस भरत आलेली. सियोननं लग्न केलं नाही. ती तिबांगच्या मागे मागे फिरून सुईणपण शिकली. आडवं आलेलं मूल पोटावरून हात फिरवून कसं वळवायचं, वार अडकली तर काय करायचं, रडलं नाही तर तळपायाला कुठे टिचकी मारायची, सगळं. तिबांगचा हात म्हणजे देवाचा हात, असं तुगास गावातली लहानथोर माणसं म्हणायची, आणि उगीच म्हणत नव्हती. तिच्या हाताखाली या गावात एक बाळ दगावलं नाही, एक बाई गेली नाही. नदीपलीकडच्या अगदावमध्ये मात्र दर हंगामात हातभर लांबीची पेटी स्मशानाकडे जायची. तिथल्या बायका सकाळी उठायच्या तर पोट सपाट आणि पोटातलं सुकलेलं. अगदाववाले अस्वांगचं नाव घ्यायचे, छपरावरून लांब जीभ सोडून पोटातल्या बाळाचं रक्त ओढणारीचं. तुगासवाले म्हणायचे, आपल्याकडचं पाणी चांगलं आहे.

अगदावचे लोक होडी वल्हवत यायचे, तिबांगच्या पाया पडायचे, चल म्हणायचे. ती कधी म्हणजे कधी गेली नाही. तिथे माझा हात चालत नाही, एवढंच सांगायची आणि सुपारी कातरत बसायची. सियोनला तिचं तेवढं एक आवडायचं नाही. म्हातारीला गर्व आहे, असं तिला वाटायचं. बाकी तिबांगमध्ये खोट काढायला तिला जागा सापडली नव्हती.

आता आजारात लोक भेटायला यायचे ते तोंडाला फडकं बांधून. गावचा कारभारी तियो कुलास आला तो गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढून. बायका आल्या त्या पदराएवढी कापडं गुंडाळून. गावात खोकल्याची साथ आहे, बाई, म्हाताऱ्या माणसाला नको लागायला, असं म्हणाले. सियोनला भरून आलं. किती जपतात! तिनं मोठं भांडंभर आलं उकळलं, त्यात गूळ घातला आणि घरोघर काढा नेऊन दिला. लोकांनी तो गोड बोलून घेतला आणि खांबांवरच्या घरांच्या बांबूच्या जमिनीच्या फटीतून खाली डुकरांना ओतला. त्या आठवड्यात तुगासच्या डुकरांचे घसे अगदी साफ झाले असतील.

पण खोकलं कुणीच नाही. हे सियोनच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण ती बिचारी थकून गेली होती. एकदा दुपारी ती खिडकीशी भांडी घासत होती. बायकांचा एक घोळका तिबांगला भेटून शिडी उतरला. खाली पाय टेकल्याबरोबर सगळ्यांनी फडकी सोडली, लांब श्वास घेतला आणि कालवं धरायला चिखलात रोवलेल्या काठ्या कुणी उपटल्या यावर भांडत निघून गेल्या. समोरून दुसऱ्या दोघी येत होत्या. त्यांनी शिडीच्या पायथ्याशी थांबून फडकी बांधली. एकमेकींच्या गाठी ओढून पाहिल्या.

सियोन हात तसेच राखेचे ठेवून पुरिंगकडे गेली. पुरिंग कच्चा आंबा खारवलेल्या कोळंबीत बुडवून खात बसली होती. खोकला नाही, सर्दी नाही, गाल टमटमीत. सियोननं विचारलं, फडकी कशाला? पुरिंगच्या हातातली फोड हातातच राहिली. "मला नको विचारूस, मनांग," ती म्हणाली. थोरल्या नणंदेला ती मनांगच म्हणायची, मान ठेवून. "तिलाच विचार." आणि मग फार हळू म्हणाली, "तू नाही बांधलंस ना अजून?"

नाही, सियोननं बांधलं नव्हतं. बांध म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती परत येऊन तिबांगच्या उशाशी बसली. ओहोटी लागलेली, चिखलाचा वास घरभर. आजवर एका गोष्टीचं तिला मनातून वाईट वाटत होतं. ती भरवायला वाकली की तिबांग ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळायची. इतकं केलं तरी म्हातारीला माझं तोंड बघवत नाही, असं वाटून ती रडलीही होती. आता ती वाकली तशी तिबांग पुन्हा वळली. सियोननं तिचा खांदा धरला आणि विचारलं, तिया, लोक तोंड का बांधून येतात?

"आधी तू तोंड मीट," तिबांग म्हणाली. "मीट आणि मिटलेलंच ठेव. मग सांगते."

आणि तिनं भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. ती लहान होती तेव्हा तिची मावशी अशीच मरता मरत नव्हती. तिबांगचा फार जीव तिच्यावर. शेवटचा म्हणून मुका घेतला. काहीतरी मऊ घशाखाली गेलं, भाताचा घास अडकावा तसं, आणि मावशी त्याच क्षणी सुटली. तिबांगलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं. लहान पोर, तिला काय कळतंय, म्हणून सगळे बाजूला झाले होते.

"पिल्लू आहे, पोरी. काळं. कोंबडीचं असतं ना, अगदी तसलंच. घशात राहतं. त्याला भूक लागते तेव्हा मी माझी राहत नाही. आणि ते कुणीतरी घेतल्याशिवाय मला मरण नाही."

सियोननं विश्वास ठेवला नसता. पण ती सुईण होती, कान लावून ऐकायची तिला सवय. ओठ मिटून ती खाली वाकली आणि तिबांगच्या सुरकुतलेल्या गळ्याला तिनं कान लावला. आधी नुसता श्वास. मग त्याच्या आत, खूप आत, चिव. पुन्हा चिव. इवलासा, झोपाळू आवाज. सियोनच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. हा आवाज तिला पाठ होता. आई गेल्यावर किती तरी रात्री ती याच गळ्याला डोकं लावून झोपली होती, याच चिवचिवीवर तिचा डोळा लागायचा. म्हातारीची छाती वाजते, असं तिला वाटायचं. जगात यापेक्षा मायेचा आवाज तिनं ऐकला नव्हता. आता ती तिथेच कान ठेवून किती वेळ पडून राहिली कुणास ठाऊक. असलं काही जगात असतं आणि आपण त्याच्या कुशीत वाढलो, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

मग तिनं विचारलं ते अगदावबद्दल.

तिबांग म्हणाली की ज्या मुलाला ती पोटात असल्यापासून हात लावते आणि स्वतःच जगात आणते त्याच्या केसालाही तिला धक्का लावता येत नाही, आणि त्याच्या आईलाही नाही. पिल्लाला तो हात कळतो. म्हणून तुगासमधलं एक बाळंतपण तिनं सोडलं नाही. भर पुरात, तापात, लढाईत जपानी शिपाई गावात असताना, सगळी केली.

"मग पलीकडे का गेली नाहीस, तिया? ते पाया पडत होते."

"सगळ्यांकडे गेले असते," तिबांग म्हणाली, "तर मी खाल्लं काय असतं?"

चूल पेटवली का, असं विचारावं त्या सुरात ती बोलली. सियोन उठून बाहेर गेली आणि शिडीवर जाऊन बसली. परत आली तेव्हा तिबांग तशीच भिंतीकडे तोंड करून होती. दातांवर दात असे आवळले होते की जबड्याची शीर उडत होती. इतके दिवस ती काय करत होती ते सियोनला तेव्हा उमजलं. सुटका वीतभर अंतरावर रोज वाकत होती, पेज भरवत होती, तोंड उघडं ठेवून. आणि ही म्हातारी ओठ मिटून नुसती सोसत होती.

दुसऱ्या दिवशी सियोन कारभाऱ्याकडे गेली. तियो कुलास मनानं दुष्ट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. त्यानं तिला बसायला चटई दिली, माडी पुढे केली. खोटं काही बोलला नाही. गावाला माहीत होतं, त्याच्या बापालाही माहीत होतं. आपल्या गावात आपली एक असली की बाहेरची दुसरी फिरकत नाही, हे कुणालाही विचार, असं म्हणाला. तिबांग गेली आणि तिची जागा रिकामी राहिली तर अगदावमध्ये जे होतं ते इथे व्हायला लागेल. पुरिंगच्याच घरी पहिलं होईल. मग त्यानं विचारलं, तुझ्याहून चांगली कोण मिळणार? तुझा हात शिकलेला, तुला पोरंबाळं नाहीत, आणि म्हातारीवर तुझा जीव.

"तुम्ही सगळे तोंड बांधून आलात," सियोन म्हणाली. "मला एकानं सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तूही बांधलं असतंस, बाई," तियो कुलास म्हणाला, आणि खरोखर वाईट वाटून म्हणाला.

अंगणात रुफो बसला होता. माशांचा पिंजरा विणत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सियोन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याला कडेवर घेऊन ती या गावभर फिरली होती, त्याचं नाक पुसलं होतं, आपल्या ताटातला मासा त्याला दिला होता. रुफो वर बघेना. बांबूची कामटी वाकवत राहिला, नको तितकी वाकवली आणि ती मोडली. सियोनला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

एक उपाय होता, आणि तोही गावाला ठाऊक होता. त्या मुलखात सगळ्यांनाच ठाऊक असतो, फक्त आपल्या माणसावर कुणी करत नाही. अस्वांगला झाडाला उलटं टांगायचं, खाली धूर करायचा आणि गरगर फिरवायचं. पिल्लाला धूर सोसत नाही, चक्कर सोसत नाही, ते बाहेर पडतं. पडलं की माणूस मोकळा. तरण्याताठ्याचं ठीक आहे. पण हाडांच्या मोळीला टांगायचं म्हणजे मारायचंच की. सियोननं तिबांगला विचारलं. म्हातारी म्हणाली, परकर पायाशी घट्ट बांध, लोक बघतील.

सकाळी चांगलं ऊन आल्यावर सियोननं तिला पाठुंगळीला मारून शिडीवरून खाली आणलं. रिकाम्या टोपलीइतकं वजन. कुणाला हाक मारली नाही. चिंचेच्या खाली नारळाच्या सोडणांचा ढीग केला, पेटवून वर ओला पाला टाकला. परकर घोट्यांशी बांधला, त्यावर फडकं गुंडाळलं, मग दोर. फांदीवरून दोर ओढताना तिच्या तळव्यांची सालं निघाली. तोवर गाव जमलं होतं, सगळे फडकी बांधून, गोल करून. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. तिबांग उलटी लोंबकळत होती, पांढरे केस जमिनीपासून हातभर वर. सियोननं तिचे खांदे धरले आणि फिरवलं.

दोराला पीळ बसला, पीळ सुटला. पुन्हा फिरवलं. धुरानं सियोनच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि धुराचं निमित्त होतं म्हणून बरं झालं, कारण ती मोठ्यानं रडत होती. तिबांगचे ओठ घट्ट मिटलेले. मग तिचा गळा फुगला. कातडीखालून काहीतरी सरकत खाली आलं, हनुवटीपाशी थांबलं, आणि तिबांगनं तोंड उघडलं. किती दिवसांनी सियोनसमोर तिनं तोंड उघडलं होतं.

पिल्लू सियोनच्या ओंजळीत पडलं.

ओलं, काळं, अंगठ्याएवढं. उन्हात ते बघता बघता सुकलं, पिसांची लव फुलली, आणि त्या काळ्यात निळा, हिरवा, जांभळा असे रंग हलायला लागले. इतका देखणा जीव त्या माणसांनी कधी पाहिला नव्हता. एकेकाच्या तोंडावरचं फडकं खाली घसरलं, आणि बघणारी सगळी तोंडं उघडी. तियो कुलासनं डोक्यावरची टोपी काढली. सियोननं पिल्लाच्या डोळ्यात पाहिलं. तिथे ती स्वतः दिसत होती, उलटी, पाय वर, आणि तिच्यामागे सगळं तुगास उलटं, चिंच आभाळात लोंबलेली. चर्चमध्ये घंटा वाजते तेव्हा जसं आपोआप गुडघ्यांवर बसावंसं वाटतं तसं तिला झालं.

तिनं ते जमिनीवर ठेवलं आणि तिबांगला खाली घ्यायला वळली. म्हातारी गेली होती. चेहरा उतरला नव्हता, उलट भरला होता. मावशीचा मुका घ्यायला वाकली तेव्हा ती पोर कशी दिसत असेल, ते सियोनला तिथे दिसलं. दोर सोडवायचा राहिला, कारण मागे तिला एक आवाज ऐकू आला.

कुर्र, कुर्र. बायका कोंबड्यांना दाणे टाकताना करतात तो आवाज.

पिल्लू रिंगणाच्या कडेनं चाललं होतं, एकेकाच्या पायापाशी थांबत. सियोन वाट बघत होती की लोक ओरडतील, पळतील, लाथ मारतील. एकानंही पाय मागे घेतला नाही. उलट म्हाताऱ्या उकिडव्या बसल्या होत्या, हात पसरून त्याला बोलावत होत्या. कालवांवरून भांडणाऱ्या त्याच बायका आता एकमेकींना जागा करून देत होत्या. घे गं कुणीतरी, असं कुणीतरी पुटपुटलं. आणि पुरिंग, जिला चपलाही वाकून घालता येत नव्हत्या, ती रुफोचा खांदा धरून हळूहळू खाली बसली आणि तिनं तळहात पुढे केला. पिल्लू वळलं आणि तुरुतुरु तिच्याकडे निघालं.

सियोननं झडप घालून ते उचललं.

मुठीत ते गप्प राहिलं. ऊबदार होतं, आणि आतलं काळीज धडधडत होतं, भराभर, हलकं. सियोनचा तळवा ती धडधड ओळखत होता. आईच्या पोटातून बाहेर आलेल्या प्रत्येक बाळाच्या छातीवर हात ठेवून तिनं ती मोजली होती, आणि लागली की हसली होती. नुकतं जन्मलेलं आहे, तिला वाटलं. या पिल्लानं अजून कुणाचंही काही केलेलं नाही. पुढे करील, नक्की करील, अगदावच्या स्मशानात त्या पेट्या जातच राहतील, पण आत्ता या घडीला याच्याइतकं निष्पाप इथे कुणी नाही. मी तर नाहीच.

"मारू नकोस, मनांग," पुरिंग खाली बसूनच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यानं काय केलंय गं? माझ्या बाळासाठी तरी ठेव."

सियोन म्हणाली, "अगदावमध्येही बाळंच असतात, पुरिंग."

तिनं अंगठा मानेवर ठेवला. सुईणीच्या अंगठ्याला किती जोर लावायचा ते कळतं. बारीकसा आवाज झाला, कामटी मोडल्यासारखा, आणि मुठीतली धडधड थांबली. रंग विझले. तिनं हात उघडला तेव्हा तिथे साधं मेलेलं कोंबडीचं पिल्लू होतं, कुठल्याही खुराड्यात सापडेल तसलं.

सियोनला वाटलं, आता कुणीतरी पुढे येईल, म्हातारीला खाली घ्यायला हात लावील. तिनं वर पाहिलं. सगळं रिंगण एक पाऊल मागे सरकलं होतं. लोक चिंचेला लटकलेल्या तिबांगकडे बघत नव्हते, तळहातावरच्या पिल्लाकडेही नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते.

"रुफो," ती म्हणाली, "दोर धर जरा."

रुफोनं पुरिंगला काखेत हात घालून उठवलं. पुरिंगनं दोन्ही पंजे पोटावर घट्ट दाबून धरले होते. त्यानं तिला आपल्या पाठीमागे घेतलं, आणि सियोनकडे तोंड ठेवूनच, पाठ न फिरवता, दोघं मागे मागे सरत घराकडे गेली.